‘जेसन’ची डागडुजी

विमानोड्डाणाच्या इतिहासात विक्रमांना जेवढी जागा मिळाली, तेवढी देखभालीला कधीच मिळाली नाही. कोणी कोणता समुद्र किती दिवसांत ओलांडला, हे शाळकरी मुलेही सांगतात. परंतु त्या प्रवासात रोज संध्याकाळी इंजिनाचे तेल कोणी बदलले, फाटलेले कापड कोणी शिवले आणि मोडलेली लाकडी पट्टी कोणी सांधली, हे सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः उड्डाण हा दिवसाचा पराक्रम असला, तर देखभाल हा त्या पराक्रमाचा रात्रीचा खर्च होय. तो ज्याने चुकविला नाही तोच दुसऱ्या दिवशी उडू शकला. दुसऱ्याच्या हातून विकत घेतलेल्या एका हलक्या विमानाच्या हकीकतीवरून आम्ही येथे हे दाखविणार आहोत. ते विमान १९३० च्या मे महिन्यात इंग्लंडहून ऑस्ट्रेलियास गेले. वाटेत ते झाशीस उतरले, आणि त्याची मोठी दुरुस्ती रंगूनजवळ झाली.

या विमानाची जात ‘मॉथ’. जेफ्री डी हॅविलंड याने बनविलेले पहिले मॉथ १९२५ च्या फेब्रुवारीत उडाले. सैन्यासाठी नव्हे, तर हौशी माणसाला परवडावे व शिकाऊ माणसाला झेपावे म्हणून ते बनविले होते. सांगाडा लाकडाचा, त्यावर प्लायवुड; पंखांवर ताणून बसविलेले तागाचे तलम कापड, आणि ते कापड तंग राहावे व पावसापाण्यात टिकावे म्हणून त्यावर ‘डोप’ नावाच्या रोगणाचे हात. पंख मागे दुमडता येत, त्यामुळे ते थोड्या जागेत ठेवता येई. पुढे त्याला सुमारे १०० अश्वशक्तीचे, चार सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे ‘जिप्सी’ इंजिन मिळाले व ‘जिप्सी मॉथ’ हे नाव रूढ झाले. सुतार, शिंपी आणि यंत्र जाणणारा एक माणूस असे तिघे जमले की त्याची बरीचशी डागडुजी कोणत्याही गावात होऊ शके. सारी पुढील कथा या एका गुणावर उभी आहे.

ॲमी जॉन्सन ही हल शहरातील एका मासळीच्या व्यापाऱ्याची मुलगी. जन्म १९०३ चा. शेफील्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ती लंडनमध्ये एका वकिली कचेरीत नोकरी करीत होती. स्टॅग लेन येथील लंडन एरोप्लेन क्लबात ती उडावयास शिकली. तथापि उडण्याइतकेच तिचे मन तेथील कारखान्यात रमले. क्लबाचे मुख्य अभियंता जॅक हम्फ्रीज यांच्या हाताखाली तिने कचेरीच्या वेळेआधी व नंतर उमेदवारी केली. अंगात मेकॅनिकचा डगला, हात तेलाने माखलेले, आणि भोवतालचे कामगार तिला ‘जॉनी’ म्हणून हाक मारीत. १९२९ च्या अखेरीस तिला विमान अभियंत्याचा ‘सी’ वर्गाचा परवाना मिळाला. उड्डाणापूर्वी इंजिन तपासून ते योग्य असल्याचा दाखला देण्याचा अधिकार या परवान्याने मिळत असे. ब्रिटनमध्ये हा परवाना मिळविणारी ती पहिली स्त्री. जिची विमानोड्डाणाची शिदोरी तेव्हा शंभर तासांचीही नव्हती, तिने एकटीने ऑस्ट्रेलिया गाठण्याचा बेत करावा हे लोकांना वेडेपण वाटले, यात नवल नाही. परंतु त्यांनी तिच्या उड्डाणाचे तास मोजले, तिने कारखान्यात काढलेले तास मोजले नाहीत.

तिने घेतलेले विमान १९२८ साली बांधलेले, वापरलेले जिप्सी मॉथ होते. किंमत सहाशे पौंड. निम्मी रक्कम वडिलांनी दिली, निम्मी तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी. वडिलांच्या व्यापारी मुद्रेवरून तिने त्याचे नाव ‘जेसन’ ठेवले. जुने विमान घेणाराला सांगाड्याबरोबर त्याचा पूर्वेतिहासही विकत घ्यावा लागतो. त्यासाठी विमानाची व इंजिनाची नोंदवही असते. आपल्यापैकी अनेकांना सरकारी नोकराचे सेवापुस्तक परिचित आहे. ही नोंदवही तशीच. किती तास उडाले, केव्हा उघडले, काय बदलले, हे सारे तीत दिसावयास हवे. मात्र नव्याने चार्ज घेणारा जाणता अधिकारी ज्याप्रमाणे केवळ कागदांवर विसंबत नाही, त्याप्रमाणे विमान घेणारानेही लाकडाचे सांधे, तारांचा ताण, कापडाची शिवण व इंजिनाचा आवाज स्वतः पाहिला पाहिजे. ॲमीला ते पाहता येत होते.

ती ५ मे १९३० रोजी क्रॉयडनहून निघाली. रोजचा क्रम ठरलेला. दिवसभर उघड्या कोठडीत बसून, जादा टाक्यांतील पेट्रोल हातपंपाने वर चढवीत उडावयाचे. आणि उतरल्यावर, अंगात त्राण नसताना, इंजिनापाशी उभे राहावयाचे. तेल बदलणे, गाळण्या धुणे, प्लग काढून त्यांवरील काजळी साफ करणे, मॅग्नेटो पाहणे, झडपांमधील अंतर मोजणे, जेथे वंगण हवे तेथे ते देणे. यांतील एकही काम कठीण नव्हे. कठीण ते एवढेच की ही कामे रोज, न चुकता, आणि थकलेल्या हातांनी करावी लागतात. इराकच्या वाळवंटात तर वादळात सापडून तिला मध्येच उतरावे लागले, आणि वाळू ही यंत्राची वैरीण. तरीही सहाव्या दिवशी, १० मे रोजी, ती कराचीस पोचली. बर्ट हिंक्लरने १९२८ साली हाच प्रवास साडेपंधरा दिवसांत केला होता. कराचीपर्यंत ती त्याच्याही दोन दिवस पुढे होती.

दुसऱ्या दिवशी अलाहाबाद गाठण्यापूर्वीच पेट्रोल संपत आले व तिला झाशीच्या लष्करी छावणीत उतरावे लागले. कवायतीचे मैदान विमानासाठी केलेले नव्हते. एका पंखाला मार बसला. १८५७ च्या स्मृतीने प्रत्येक मराठी मनाला जवळची असणारी ही झाशी. तेथील छावणीत त्या रात्री मिळतील ती माणसे व मिळेल ते साहित्य घेऊन पंख उडण्याजोगा करण्यात आला, आणि पहाटे ‘जेसन’ कलकत्त्याच्या रोखाने निघाले.

खरी कसोटी पुढे होती. ब्रह्मदेश तेव्हा हिंदुस्थानचाच प्रांत होता. १३ मे रोजी पावसात रंगूनचे मैदान न सापडल्यामुळे ती इन्सीन येथील तंत्रशिक्षण संस्थेच्या खेळाच्या मैदानावर उतरली आणि विमान धावत जाऊन चरात कोसळले. पंखा मोडला, चाकांचा आधार वाकला, पंखाचे लाकूड व कापड फाटले. परंतु दैव असे की अपघात एका कारखान्याच्या दारातच झाला. मोडलेल्या पंख्याच्या जागी तिने बरोबर बांधून आणलेला जादा पंखा चढला. संस्थेतील शिक्षक व विद्यार्थी लाकूडकामाला व लोहारकामाला लागले. कापडाची अडचण मात्र उरली. विमानाच्या कापडावाचून पंख मढविता येईना, आणि ते तेथे कोठून मिळणार? तेव्हा कोणाच्या तरी ध्यानात आले, की पहिल्या महायुद्धानंतर शिल्लक राहिलेल्या अशाच तागाच्या कापडाचे सदरे शिवले गेले होते. ते सदरे उसवले व पंखावर चढविले! तीन दिवस गेले, विक्रम हातचा गेला. पण विमान उडाले. पुढे जावा बेटावर चोमाल येथे बांबूच्या खुंट्यांनी पंखांना भोके पाडली, तेव्हा ती जखमेवर लावावयाच्या चिकटपट्टीने बुजविण्यात आली. २४ मे रोजी ‘जेसन’ डार्विनला उतरले.

याच महिन्यात आपल्याकडील दोन तरुण याच जातीच्या विमानांतून इंग्लंड व हिंदुस्थान यांच्यामधील आगाखान पारितोषिकासाठी झटत होते. ॲस्पी इंजिनिअर इंग्लंडहून निघाले होते, जे. आर. डी. टाटा कराचीहून. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. ॲस्पी अडकले होते ते जादा स्पार्क प्लग नसल्यामुळे. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्यांस दिले, आणि पारितोषिक ॲस्पींनी जिंकले. पुढे १९६० साली तेच आपल्या हवाईदलाचे प्रमुख झाले. बोटभर लांबीच्या वस्तूवर केवढी गोष्ट अडते, आणि ती प्रतिस्पर्ध्याला देण्यास केवढे मन लागते, हे या प्रसंगाने एकदमच सांगितले.

ॲमीचा विक्रम हुकला म्हणून काहींनी तिच्या प्रवासाला अर्धे यश म्हटले. आम्हांस तसे वाटत नाही. तिला झालेले बरेच अपघात उतरताना झाले. ते अनुभवाच्या उणिवेचे व अपुऱ्या मैदानांचे. परंतु अकरा हजार मैलांच्या वाटेत तिच्या जुन्या इंजिनाने तिला समुद्रावर दगा दिला नाही, हे रोज संध्याकाळच्या त्या नीरस कामाचे फळ होते. आणि जे तिच्या हातून मोडले, ते पुन्हा उभे राहिले, ते अनोळखी हातांमुळे. ॲमी १९४१ साली युद्धसेवेत विमान नेत असता टेम्सच्या मुखाशी मृत्यू पावली. ‘जेसन’ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. त्याच्या शेजारी तिचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे. ज्यांनी झाशीत रात्र जागून काढली, ज्यांनी इन्सीनला आपले सदरे उसवू दिले, त्यांची नावे सर्वतोमुखी झाली नाहीत. कोणाच्या तरी नावे जमा होणाऱ्या कामाची दूर कोठेतरी बसून देखभाल करणे, हा आमच्या पुष्कळ वाचकांचा नित्याचा उद्योग आहे. हिंदुस्थानच्या नकाशावर झाशी आणि इन्सीन यांच्यासारखी किती ठाणी विखुरलेली आहेत, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार?