‘प्रसंग सांगा’: मुलाखतीतील एका प्रश्नाचा पूर्वेतिहास

उमेदवाराचे मत न विचारता त्याच्या पूर्वीच्या वागण्याचा दाखला मागणारे, ‘सहकाऱ्याशी मतभेद झाल्याचा एखादा प्रसंग सांगा’ अशा धर्तीचे प्रश्न आज नोकरीच्या मुलाखतीत सर्रास विचारले जात असले, तरी त्यांचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी लष्करी हवाई दलाच्या मानसशास्त्रीय संशोधनात सापडते. १९४१-४२ च्या सुमारास वैमानिक-प्रशिक्षणातून वगळलेल्या १,००० उमेदवारांच्या नोंदी तपासल्या असता ‘स्वभाव अनुरूप नाही’, ‘उड्डाणाची उपजत क्षमता नाही’ असे गुळगुळीत शेरेच बहुधा हाती लागले. सरकारी शेऱ्यांची जात सगळीकडे एकच असावी. अशा शेऱ्यांतून नेमके काही कळत नसल्यामुळे या संशोधनातील मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी पुढच्या अभ्यासात, प्रत्यक्ष लढलेल्यांना ‘अधिकारी कसा होता’ असे न विचारता ‘त्याने नेमके काय केले’ असे विचारून ‘निर्णायक प्रसंग’, म्हणजे कामाचे यशापयश ठरवणारी कृती, टिपण्याची पद्धत घडवली व १९५४ मध्ये ती सविस्तर मांडली. हीच कल्पना नोकरीच्या मुलाखतीकडे वळवत संशोधक टॉम जॅन्झ यांनी १९८२ मध्ये गतवर्तनावर आधारलेल्या मुलाखतीची रूढ मुलाखतीशी तुलना प्रसिद्ध केली. पुढे परिस्थिती, जबाबदारी, कृती आणि परिणाम या क्रमाची ‘स्टार’ ही चौकट उमेदवारांनीही आपलीशी केली आणि घरून घोटून आणलेले प्रसंग मुलाखतीत ऐकू येऊ लागले.