कार्बोप्लॅटिनच्या सूत्रातले पंचवीस

केमोथेरपीची बरीचशी औषधे आजही शरीराच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढून दिली जातात. उंची आणि वजनावरून ते क्षेत्रफळ काढण्याचे सूत्र डेलाफिल्ड आणि यूजीन डुबॉइस यांनी १९१६ साली मांडले. त्यासाठी मोजलेली माणसे अवघी नऊ, आणि उद्देश होता शरीर किती ऊर्जा खर्च करते हे अभ्यासण्याचा. कॅन्सरच्या औषधांशी त्याची गाठ पडली ती १९५८ साली, डोनाल्ड पिंकेल यांच्या लेखामुळे. प्राणी, मुले आणि मोठी माणसे यांचे डोस क्षेत्रफळाच्या मापाने बरेचसे जुळतात, असे त्यांनी दाखवले.

हे माप तोकडे पडते, हे ठळकपणे दिसले कार्बोप्लॅटिनमुळे. त्याआधीचे सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना इजा करी आणि उलट्यांनी रुग्णाला हैराण करी. म्हणून लंडनची इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्च, रॉयल मार्सडेन हॉस्पिटल आणि जॉन्सन मॅथी कंपनी यांनी प्लॅटिनमचेच सौम्य औषध शोधले. त्याने मूत्रपिंडे बरीच वाचली, पण प्लेटलेट घसरू लागल्या, आणि क्षेत्रफळावर काढलेला तोच डोस एकाला सोसे तर दुसऱ्याला धोक्यात नेई. फरक होता मूत्रपिंडांत. कार्बोप्लॅटिन मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडते. गाळणी मंद असेल तर ते रक्तात अधिक काळ रेंगाळते.

हिलरी कॅल्व्हर्ट आणि सहकाऱ्यांनी १८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. मूत्रपिंडे मिनिटाला किती रक्तद्रव गाळतात याचे आकडे, म्हणजे जीएफआर, या रुग्णांत ३३ ते १३६ मिलिलिटर इतके पसरलेले होते. औषध रक्तात किती प्रमाणात आणि किती वेळ राहिले याचा हिशेब, म्हणजे एयूसी, या आकड्यांशी जोडला तेव्हा सूत्राचे पहिले रूप निघाले; ३१ नव्या रुग्णांवर पडताळून सुधारल्यावर ते असे झाले: मिलिग्रॅममधला डोस = हवी ती एयूसी × (जीएफआर + २५). ते १९८९ साली छापले. त्यातले २५ म्हणजे मूत्रपिंडांखेरीज इतर वाटांनी रक्तातून नाहीसे होणारे औषध. उंची, वजन आणि क्षेत्रफळ तिन्ही सूत्राबाहेर गेले. मला हे फार मोठे पाऊल वाटते: डोस ठरवताना विचारले गेले की हे औषध या माणसाच्या शरीरातून किती वेगाने बाहेर पडेल.

पण कॅल्व्हर्टने जीएफआर किरणोत्सारी क्रोमियमच्या साहाय्याने प्रत्यक्ष मोजला होता. रोजच्या कामात ते जमत नाही. मग १९७६ चे कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र वापरतात आणि वय, वजन व क्रिएटिनिनवरून अंदाज काढतात. अशा रीतीने बाहेर गेलेले वजन मागच्या दाराने परत आले. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि मूत्रपिंडे ते गाळून टाकतात, म्हणून रक्तात ते कमी असले की सूत्र मूत्रपिंडे चांगली धरते; पण आजाराने खंगलेल्या माणसाचे स्नायू आधीच झिजलेले असतात. साठ वर्षांची, पन्नास किलोची बाई घ्या. एयूसी ५ ठरवली आणि क्रिएटिनिन १.० असेल, तर डोस सुमारे ३६० मिलिग्रॅम निघतो, ०.६ असेल तर सुमारे ५२०. तिची मूत्रपिंडे खरेच इतकी चांगली आहेत, की अंगात स्नायूच उरलेले नाहीत, हे सूत्राला कळत नाही.

म्हणून अनेक ठिकाणी क्रिएटिनिन ०.७ पेक्षा कमी आले तरी ०.७ च धरतात. या बाईचा डोस मग ४६० च्या आसपास येतो. २०१० साली क्रिएटिनिन मोजण्याच्या पद्धती एकसारख्या केल्या गेल्या आणि काही आकडे पूर्वीपेक्षा खाली आले, तेव्हा अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही वरची मर्यादा सुचवली: जीएफआरचा अंदाज १२५ च्या पुढे धरू नये. एयूसी ६ ला याचा अर्थ जास्तीत जास्त ९०० मिलिग्रॅम.