बाजीराव पहिला, बाजीराव दुसरा आणि ग्राफिक्स कार्ड

पेशवाईत बाजीराव दोन झाले. एक १७४० मध्ये रावेरखेडीला, मोहिमेवर असतानाच गेला. त्याचा नातू १८१८ मध्ये इंग्रजांना शरण गेला आणि बिठूरला पेन्शनीवर राहिला. नाव एकच, त्यामुळे मुलं पेपरात हमखास घोटाळा करायची. मंडळी, ग्राफिक्स कार्डांच्या इतिहासातही असे दोन बाजीराव आहेत, फक्त तिथे मार्क जात नाहीत, पैसे जातात.

१९९९ मध्ये एनव्हिडिया कंपनीनं जीफोर्स २५६ काढलं. त्रिमितीय चित्राची बरीच आकडेमोड मुख्य प्रोसेसरच्या डोक्यावरून उतरवून घेणारं हे कार्ड. २००१ मध्ये जीफोर्स ३ आलं. पाणी कसं चकाकावं, चेहऱ्यावर उजेड कसा पडावा, याचे छोटे प्रोग्रॅम खेळ बनवणारा स्वतः लिहून कार्डाकडून चालवून घेऊ लागला. यांना शेडर म्हणतात. मला यातलीच गंमत सगळ्यात मोठी वाटते.

मग फेब्रुवारी २००२ मध्ये जीफोर्स ४ आलं, ते दोन शाखांत. 'टीआय' हा तिसऱ्याचा खरा वारस. 'एमएक्स' मात्र जीफोर्स २ च्या घराण्यातला, पिक्सेल शेडर त्याच्याकडे नव्हतेच. म्हणजे डब्यावर आकडा चारचा आणि तिसऱ्याची विद्या येत नाही! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. डूम या खेळाचा प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यानं तेव्हाच जाहीर बजावलं होतं, की नव्या डूमसाठी हे कार्ड घेऊ नका. पण दुकानात डबा हातात घेणाऱ्या बापाला कारमॅक कोण ते काय ठाऊक?

एमएक्स टाकाऊ होतं असं मात्र मी म्हणणार नाही. जुने खेळ, टायपिंग, सिनेमा एवढ्यासाठी ते स्वस्त आणि पुरेसं होतं. शहाणा सौदा मधल्या किमतीत होता. टीआय ४६०० ची किंमत ३९९ डॉलर. त्याच वर्षी आलेलं टीआय ४२०० १९९ डॉलरचं, आणि आत चिप तीच, फक्त थोड्या कमी वेगानं चालणारी. निम्म्या पैशात सगळी विद्या.

हे सगळं उकरून काढायचं कारण म्हणजे माझी भाची. लेकाच्या ॲनिमेशनच्या कोर्ससाठी तिनं भिशीचे पैसे राखून ठेवलेत आणि फोनवर विचारते, "मामा, मोठ्या नंबरचं घेतलं की झालं ना?" मी म्हटलं, आधी त्याच्या सरांना विचार, काम कोणत्या सॉफ्टवेअरवर आहे आणि कार्डावर मेमरी किती लागते. मॉनिटर केवढा, घरच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय किती वॅटचा, तेही बघ. नंबर सगळ्यात शेवटी.

कारण ही नावाची खोड जुनी झालेली नाही. २०१६ मध्ये जीटीएक्स १०६० दोन प्रकारांत आलं, ३ जीबी आणि ६ जीबी. फरक नुसता मेमरीचा वाटतो, पण आतले गणित करणारे कोअरही वेगळे होते, ११५२ आणि १२८०. सप्टेंबर २०२२ मध्ये तर कहर झाला. आरटीएक्स ४०८० नावानं दोन कार्डं जाहीर झाली, १६ जीबीचं ११९९ डॉलरला आणि १२ जीबीचं ८९९ ला. दोन्हींत चिपच वेगळी! या वेळी मात्र लोकांनी एवढी ओरड केली, की ऑक्टोबरमध्ये कंपनीनं १२ जीबीचं कार्ड विक्रीला येण्याआधीच मागे घेतलं. जानेवारी २०२३ मध्ये तेच कार्ड ४०७० टीआय या नावानं बाजारात आलं, ७९९ डॉलरला. नुसतं नाव उतरलं आणि किमतीतून शंभर डॉलर गेले.