शेतसाऱ्यावरचा आणा

पिंपळे सौदागर हे पवनाकाठचं शेतकऱ्यांचं गाव आता पिंपरी-चिंचवड शहरात मिसळून गेलंय. अशा गावांत शाळेच्या नावावरून माणसाचं वय कळतं. नातवाच्या तोंडी ‘कॉर्पोरेशनची शाळा’, बापाच्या तोंडी ‘झेडपीची’, आजोबांच्या तोंडी ‘बोर्डाची’. या सगळ्या नावांचं कूळ एकच: शेतसाऱ्यावरचा एक आणा.

मुंबई इलाख्यात 1863च्या सुमारास साऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा घ्यायला सुरुवात झाली. 1869च्या कायद्याने तो पक्का झाला. हाच ‘लोकल फंड’. त्यातले दोन हिस्से रस्त्यांना, एक हिस्सा शाळांना. म्हणजे रुपयामागे चार पै शिक्षणाला! त्या चार पैंतून पंतोजीचा पगार निघे. इमारत नसेल तिथे वर्ग मारुतीच्या देवळात नाहीतर चावडीत भरे.

पैसा कुणब्याचा, पण शाळेत त्याचं पोर कितीसं? 1882 साली शिक्षणाबाबतच्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमका हाच हिशेब मांडला. सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणाचा लाभ वरचे वर्ग घेतात, असं सांगून त्यांनी निदान बारा वर्षांपर्यंतचं शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली.

पुढे कारभारी बदलत गेले. 1884च्या कायद्याने लोकल बोर्डं आली, 1923च्या कायद्याने शाळांचा कारभार जिल्हा लोकल बोर्डांकडे गेला आणि ‘बोर्डाची शाळा’ हे नाव रूढ झालं. 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा आल्या. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका 1970ची, महापालिका 1982ची. जसजशी आसपासची गावं शहराच्या हद्दीत आली, तसतशी त्यांच्या शाळांवरची पाटी बदलली.

शेतांच्या जागी आता सोसायट्यांचे टॉवर आहेत. तिथली बरीच मुलं पिवळ्या बसने खासगी इंग्रजी शाळेत जातात आणि कॉर्पोरेशनची शाळा ‘सरकारी, फुकटची’ म्हणून ओळखली जाते. पण ती फुकटची कधीच नव्हती. मिळकतकराचं बिल पुढच्या वेळी नीट वाचा. त्यात ‘शिक्षण कर’ अशी ओळ सापडेल. सारा गेला तरी त्यावरचा तो आणा अजून आपण भरतोच आहोत. मग ज्या शाळेचे पैसे भरतो, तिच्या फाटकातून एकदा आत डोकावायला काय हरकत आहे?