दानवीर माणिकचंदजी : लेकीचे वडील



दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी मंदिरात दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरींचं नाव हमखास निघतं. देणग्या सांगितल्या जातात, आपण हात जोडतो आणि घरी येतो. मला मात्र त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो त्यांच्या मगनबाईमुळे.

माणिकचंदजींचा जन्म 1851 चा, सुरतचा. घरची श्रीमंती नव्हती. वडील हिराचंद मुलांना घेऊन मुंबईत आले आणि भावंडं मोत्यांच्या कामात शिरली. पुढे माणिकचंद पानाचंद ही पेढी नावारूपाला आली. पैसा आल्यावर त्यांनी बांधलेल्या वास्तूंची नावं बघा. सी. पी. टँकजवळची धर्मशाळा हिराबाग, विद्यार्थ्यांसाठीचं वसतिगृह हिराचंद गुमानजी बोर्डिंग. दोन्ही नावं वडिलांची. यात्रेला किंवा मुंबईत दवाखान्याच्या कामाला गेलेल्या आपल्या कितीतरी घरांनी हिराबागेत पथारी टाकली आहे. कोल्हापूरच्या बोर्डिंगलाही त्यांचा हात होता. तिथे राहून शिकलेले आजोबा, पणजोबा तुमच्यापैकी अनेकींच्या घरात निघतील.

पण हे झालं मुलांचं. मुलींचं काय?

मगनबाई लहान वयात सासरी गेल्या आणि विशीच्या आतच विधवा झाल्या. त्या काळी पुढचं सगळं ठरलेलंच असायचं. अंधारी खोली, एकवेळचं जेवण, मंगल कार्यात मागे उभं राहणं, आणि ‘कर्माचे भोग’ म्हणून सगळ्यांनी सुस्कारा सोडणं. (कर्मसिद्धांत आपण दुसऱ्याच्या दुःखावर किती चटकन लावतो, नाही?) वडिलांकडे पैसा होता. महिन्याची रक्कम बांधून दिली असती तरी समाजाने वाहवाच केली असती. त्यांनी लेकीला जवळ आणलं आणि तिच्यापुढे पुस्तकं ठेवली. संस्कृत, धर्मग्रंथ, व्यवहारापुरतं जगाचं ज्ञान, सगळं. त्यांचं स्वतःचं शाळेतलं शिक्षण फारसं झालेलं नव्हतं, हे लक्षात घ्या. धर्मकार्याच्या प्रवासाला आणि परिषदांना ते तिला बरोबर नेत. विधवा मुलगी चारचौघांत बसते, बोलते, हे लोकांना रुचलं नसणार. लोकांच्या बोलण्यापेक्षा त्यांना लेक मोठी वाटली.

1909 मध्ये मगनबाईंनी अहमदाबादला श्राविकाश्रम सुरू केला आणि थोड्याच काळात तो मुंबईत आणला. ललिताबाई आणि सोलापूरच्या कंकुबाई त्यांच्या सोबतिणी. कंकुबाई म्हणजे ‘जैन बोधक’ काढणाऱ्या शेठ हिराचंद नेमचंद दोशींची लेक. त्याही विधवा, आणि त्यांच्याही पाठीशी वडीलच. दोन शहरांतल्या दोन बापांनी जवळजवळ एकाच काळात हे केलं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आश्रमात येणाऱ्या बायका बहुतेक सासरी नकोशा झालेल्या असत. तिथे त्यांना अक्षरं मिळाली, शिवणकाम मिळालं, धर्माचं शिक्षण मिळालं. काहीजणी पुढे गावोगावच्या पाठशाळांत शिकवायला गेल्या. माझ्या सासूबाईंना णमोकार मंत्राचा अर्थ समजावून सांगणाऱ्या बाई अशाच एका आश्रमात शिकलेल्या होत्या. नुसतं पाठांतर चालायचं नाही त्यांना. ‘अर्थ सांग, मग जेव,’ असा खाक्या. सासूबाई हे अजून हसत सांगतात.

1914 साली माणिकचंदजी गेले. त्यांच्या नावाने लगेच पुढच्या वर्षी माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाला निघाली, पंडित नाथूराम प्रेमींच्या देखरेखीखाली. हस्तलिखितांत बांधून पडलेले संस्कृत-प्राकृत ग्रंथ त्यातून छापले गेले. धर्मग्रंथ छापू नयेत, असं म्हणणाऱ्यांची तेव्हा कमी नव्हती. आज आपण स्वाध्यायाला छापील ग्रंथ मांडीवर घेऊन बसतो, आणि बायकाही बसतात.

वडिलांच्या मागे मगनबाईंनी आश्रम पंधरा-सोळा वर्षं सांभाळला. 1930 मध्ये त्या गेल्या. समाजाने त्यांना जैन महिलारत्न म्हटलं.

तुमच्या घरात श्राविकाश्रमात राहिलेली कुणी आजी, आत्या, मावशी असेल तर तिला तिथल्या दिवसांबद्दल विचारा आणि मला कळवा. बऱ्याचजणींचं अजून कुणी लिहूनच ठेवलेलं नाही.