उस्मानशाही मिलची जमीन आणि चाचांचा नकाशा

नांदेडच्या जुन्या पिढीचा दिवस उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर चालायचा. घरात घड्याळ नसलं तरी पाळी कधी सुटली, हे सगळ्या मोहल्ल्याला कळायचं. भोंगा बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता मिलचा विषय निघतो तो दोनच कारणांनी: जमिनीचा भाव काय आणि निजामाचं नाव राहावं की जावं. त्या जमिनीच्या पोटात काय आहे, हे कुणी विचारत नाही. मला मात्र तो इतिहासाचाच प्रश्न वाटतो.

मिल इथं आली त्याला कारणं होती. काळ्या मातीतला कापूस, गोदावरीचं पाणी आणि १९०० च्या सुमारास सुरू झालेली हैदराबाद-मनमाड रेल्वे. नाव मिळालं सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचं. त्यांच्याच काळात १९२९ साली संस्थानाने औद्योगिक ट्रस्ट फंड उभारला आणि १९३४ मध्ये वरंगलला आझम जाही मिल सुरू झाली. १९४८ ला संस्थान संपलं. १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा उस्मानशाही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली. मालक बदलत गेले, जमीन तीच राहिली.

कापड गिरणी म्हणजे फक्त सूत नव्हे. जुन्या गिरण्यांत बॉयलरची राख असते, यंत्रांचं तेल असतं, ट्रान्सफॉर्मरचं तेल असतं. छतावर अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतात. ते शाबूत असेपर्यंत फारसा त्रास नसतो. पाडताना फुटले की त्यांची धूळ फुप्फुसात जाते. रंगखातं असेल तर क्रोमियमसारखे जड धातूही आले. हे फक्त कापडापुरतं नाही. लातूरचे जुने लोक अजून ‘डालडा फॅक्टरी’चा पत्ता सांगतात. वनस्पती तूप बनवताना तेल घट्ट करायला निकेल लागतं आणि वापरून झालेलं निकेल हा घातक कचरा मानला जातो.

या जमिनी दूषितच आहेत, असं माझं म्हणणं नाही. तपासल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. पण स्वच्छ आहेत, हेही तपासल्याशिवाय म्हणता येत नाही.

तपासणीची पहिली पायरी प्रयोगशाळेत नसतेच. आधी जुने नकाशे, परवाने, नोंदी बघतात आणि जुन्या कामगारांना विचारतात. बॉयलर कुठे होता, तेलाची पिंपं कुठे ठेवायचे, सांडपाणी कुठून वाहायचं, हे कळल्यावरच मातीचे आणि विहिरीच्या पाण्याचे नमुने नेमके कुठून घ्यायचे ते ठरतं. मग त्या जागेवर काय होणार, ते बघतात. गोदामाला चालेल अशी माती मुलांच्या बागेला चालेलच असं नाही.

स्मृती पुसली की काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतल्या लव्ह कॅनॉलचं आहे. एका रसायन कंपनीने तिथं सुमारे २१ हजार टन कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जागा शाळा मंडळाला एका डॉलरला विकली. कचऱ्याची सूचना खरेदीखतात होती. तरी तिथं शाळा झाली, आजूबाजूला घरं झाली. १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली. कागदावर सगळं होतं, वाचणारा कुणी नव्हता.

आपल्याकडेही आता दूषित स्थळांसाठी २०२५ चे केंद्रीय नियम आले आहेत. संशयित जागांची यादी करण्याची जबाबदारी त्यांत जिल्हा प्रशासनावर आहे. पण यादी करायची ती कशाच्या आधारावर? हैदराबाद संस्थानाचा कारभार उर्दूत चालायचा. त्या काळातल्या कारखान्यांचे कागद वाचायचे तर उर्दू यायला हवी आणि ती वाचणारे आमच्या शहरात दरवर्षी कमी होताहेत. उर्दूला आपण एका समाजाची भाषा करून टाकलं. ती आपल्या जमिनीच्या कागदांचीही भाषा होती, हे विसरलो.

ओळखीच्या एका निवृत्त कामगार चाचांना मी मिलबद्दल विचारलं. त्यांनी नातीच्या वहीचं पान घेतलं आणि थरथरत्या हाताने गेट, खाती, बॉयलर, कोळशाचा ढीग, भंगाराची जागा काढून दाखवली. म्हणाले, “बेटा, थकलेला पगार किती, हे विचारायला लोक आले. नकाशा कुणी मागितला नाही.”

ते पान मी जपून ठेवलं आहे. असे कामगार अजून शहरात आहेत. कॉलेजच्या मुलांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावं, महापालिकेने ते नकाशे जुन्या कागदांशी पडताळावेत आणि मगच पायाचा पहिला खड्डा खणावा. मिलचं नाव काय ठेवायचं, हा वाद नंतरही घालता येईल. चाचा मात्र नंतर भेटतीलच असं नाही.