धुरकऱ्याची बैठक

मराठीत ‘बैठक’ हा शब्द मोठा व्यापक आहे. सभेला आपण बैठक म्हणतो, लावणीच्या एका प्रकाराला बैठकीची लावणी म्हणतो, आणि एखाद्या ग्रंथाच्या मुळाशी असलेल्या विचारालाही त्याची ‘वैचारिक बैठक’ म्हणतो. बसण्याच्या जागेवरून माणसाची पायरी ओळखण्याची आपली रीत जुनी आहे. गादी, आसन, सदर, पाट, चौरंग, लोड-तक्क्या या साऱ्या शब्दांत कोण किती उंचावर बसतो याचा हिशेब दडलेला आहे. या हिशेबाचा एक आधुनिक अध्याय मोटारीत लिहिला गेला. धावण्यासाठी बांधलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये चालकाची बैठक खाली का उतरवतात, हा वरकरणी कारागिराचा प्रश्न. आमच्या मते तो सामाजिक इतिहासाचाही प्रश्न आहे, आणि किनवटसारख्या ठिकाणाहून पाहिला तर अधिक स्पष्ट दिसतो.

किनवट आज नांदेड जिल्ह्यात आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा तालुका हैदराबाद संस्थानाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. पैनगंगेच्या काठचा, सागवानी जंगलाचा, गोंड, कोलाम, आंध, परधान यांच्या वस्तीचा हा मुलूख. त्याची राजधानी हैदराबाद. तेव्हा या मुलखाच्या मोटारींचा इतिहासही तेथूनच सुरू करावा लागतो.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइस कंपनीची ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटार मागवली होती. १९११ साली त्यांचे निधन झाले आणि ती गाडी त्यांच्या पुत्राच्या, मीर उस्मान अली खान यांच्या कारकिर्दीत वापरात आली. लंडनच्या बार्कर या कारखान्याने बांधलेली तिची पिवळी काया आजही हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. ‘तख्ताची गाडी’ हे तिचे नाव यथार्थ आहे, कारण तिच्या मागच्या भागात बसवलेले आसन सिंहासनासारखे उंच आहे. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या रयतेला धनी दिसावा आणि धन्याला रयतेकडे वरून पाहता यावे, हा त्यामागचा हेतू उघड आहे. हत्तीच्या हौद्याची ही मोटारीतील आवृत्ती होय. गाडी बदलली, इंजिन आले. पण बैठकीचे व्याकरण जुनेच राहिले.

या गाडीविषयी लिहिणारे सगळे त्या मागच्या आसनाचे वर्णन करतात. पुढे बसून ती चालवणाऱ्या माणसाच्या आसनाविषयी मात्र कोणी लिहीत नाही. हे मौन अर्थपूर्ण आहे. ‘शोफर’ हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ भट्टी पेटवणारा, आगवाला. चालक हा यंत्राचा नोकर, आणि नोकराच्या बैठकीला मापे नसतात. पुढे मालक आणि चालक यांच्यामध्ये काचेचा पडदा असलेल्या मोठ्या मोटारी आल्या, तेव्हा पुढचे आसन बहुधा त्या पडद्याला खेटूनच असे. ते मागे सरकवण्याची सोय नसे, कारण तसे केल्यास धन्याच्या पायांची जागा कमी झाली असती. लांब पायांच्या चालकाने गुडघे आखडून बसावे, हीच अपेक्षा.

याच काळात किनवटच्या वाटांवर जे वाहन प्रत्यक्ष चालत होते ते बैलगाडी. बैलगाडीत चालकाला स्वतंत्र आसन असे नसतेच. धुरेवर, म्हणजे दांड्या जिथे गाडीच्या साट्याला मिळतात तिथे, तो बसतो. म्हणून त्याचे नाव धुरकरी. पण येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. दोन चाकांच्या गाडीत तोल हाच सर्वांत महत्त्वाचा. भार मागे गेला की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. भार फार पुढे आला तर तोच बैलांच्या मानेवर बसतो. धुरकरी चढणीला पुढे सरकतो, उताराला मागे रेलतो. त्याचे शरीर हाच गाडीचा एक भाग असतो. ज्याला आज आपण सीट मागेपुढे करण्याची सोय म्हणतो, ती त्याने सुतारावर न सोपवता स्वतःच्या अंगाने साधलेली असते.

पैनगंगेपलीकडे, विदर्भात, शंकरपटाची परंपरा आहे. पटाच्या गाडीत ही गोष्ट टोकाला जाते. तेथे गाडी होईल तितकी हलकी केलेली, बसायला जागा जेमतेम, आणि धुरकरी बैलांच्या शक्य तितका जवळ. वेगासाठी बांधलेल्या वाहनात चालक आणि वाहन यांच्यातले अंतर नाहीसे होत जाते, हा नियम इंजिनाच्या आधीचा आहे. (या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये राज्यातील शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या वादाची गुणवत्ता हा या लेखाचा विषय नाही.)

आता स्पोर्ट्स कारकडे वळू. हिचे पहिले वैशिष्ट्य यांत्रिक नसून सामाजिक आहे: येथे मालक स्वतः गाडी हाकतो. मागचे आसन बहुधा गळून पडते आणि चालकाची बैठक हीच मुख्य बैठक होते. हौद्यातला माणूस धुरेवर येऊन बसतो. आणि तेथे येताच तो खाली उतरू लागतो. १९६२ साली कॉलिन चॅपमन यांनी ‘लोटस २५’ ही शर्यतीची गाडी आणली. तिच्यात चालक बसत नसे, जवळजवळ निजत असे. माणूस आडवा झाला की गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ कमी होते आणि तितका हवेचा विरोधही घटतो. फोर्डच्या ‘जीटी ४०’ या गाडीच्या नावातील आकडा तर तिच्या उंचीचाच होता: जेमतेम ४० इंच. जमिनीपासून छपरापर्यंत साडेतीन फूटही नाही!

अशा गाडीत उंच माणसाने काय करावे? १९६७च्या ल मां येथील २४ तासांच्या शर्यतीत अमेरिकी चालक डॅन गर्नी यांच्यापुढे हाच पेच होता. ते सहा फुटांहून चांगलेच उंच. शिवाय डोक्यावर शिरस्त्राण. आसन आणखी खाली नेणे शक्य नव्हते, तेव्हा त्यांच्या डोक्यावर छपरालाच एक फुगवटा काढण्यात आला. गर्नी आणि ए. जे. फॉइट यांनी त्या गाडीतून शर्यत जिंकली, आणि तो फुगवटा ‘गर्नी बबल’ या नावाने मोटारींच्या परिभाषेत कायमचा राहिला. यंत्राने माणसापुढे मान तुकवल्याची ही दुर्मीळ खूण आहे.

सामान्य मालकाला छपराला फुगवटा काढणे परवडत नाही. तो बैठक खाली उतरवतो. १९८९ साली आलेल्या माझदाच्या ‘मियाता’ या दोन आसनी गाडीचे उंच मालक गादीतला फोम काढून तासत आले आहेत. कोणी आसनाखालचे रूळ बदलतात, कोणी पातळ शर्यती आसन थेट तळाला बसवतात. याने गाडी अधिक स्थिर होते, असे उत्साहाने सांगितले जाते. हिशेब करून पाहू. ७० किलोचा माणूस १००० किलोच्या गाडीत ५ सेंटिमीटर खाली बसला, तर दोहोंचा मिळून गुरुत्वमध्य सुमारे ३ मिलिमीटर खाली येतो. शर्यतीत तेवढ्याचेही मोल असेल. रोजच्या रस्त्यावर ते जाणवणे कठीण. तेव्हा खरे कारण वेगळे आहे. डोके छपराला लागू नये, दृष्टी काचेच्या वरच्या चौकटीत अडकू नये आणि कंबर गाडीच्या हालचालीशी एकजीव व्हावी, यासाठी बैठक खाली जाते. प्रश्न गाडी शरीराला ‘बसण्याचा’ आहे. अंगरखा बसतो त्या अर्थाने.

परंतु अंगरख्यात एक शिवण उसवली की दुसरी ताणली जाते, तसे येथेही घडते. बैठक खाली गेली की सुकाणूचे चाक छातीऐवजी हनुवटीसमोर येते. पाय अधिक सरळ होतात, त्यामुळे पायपट्ट्या दाबण्याचा कोन बदलतो. पुढचे बॉनेट नजरेआड होते. सुरक्षापट्टा खांद्यावरून ज्या कोनात यायला हवा तो चुकतो. पट्ट्याची कडी आणि एअरबॅगच्या तारा कित्येक गाड्यांत आसनालाच जोडलेल्या असतात. त्यांना धक्का लावणे जिवाशी खेळ ठरू शकते. शरीराचे कोणतेही माप एकटे नसते, हा धडा शिंप्याला ठाऊक असतो. यंत्रज्ञाला तो उशिरा मिळाला.

तो कसा मिळाला याची हकीकत उद्बोधक आहे. अमेरिकी हवाई दलातील गिल्बर्ट डॅनिएल्स या तरुण संशोधकाने १९५०च्या सुमारास ४०६३ वैमानिकांची मापे तपासली. विमानातली बैठक ‘सरासरी’ वैमानिकासाठी बांधलेली होती. डॅनिएल्सने दहा मापे निवडली आणि या दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती, हे मोजले. उत्तर आले: एकही नाही. ज्याच्यासाठी आसन बांधले तो माणूस अस्तित्वातच नव्हता. मागेपुढे, वरखाली होणाऱ्या आसनांचा आग्रह या शोधाने बळावला.

आपल्याकडची परिस्थिती याहून बिकट होती. कारण आपण परक्यांच्या सरासरीत बसलो. विलिस जीपचेच उदाहरण घ्या. दुसऱ्या महायुद्धासाठी बांधलेली ही गाडी १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत जुळवायला घेतली आणि पुढे ती सरकारी कामकाजाची खूणच बनली. युद्धातल्या मूळ जीपमध्ये चालकाच्या आसनाखाली पेट्रोलची टाकी होती. बैठक खाली करायची म्हटले तरी खाली टाकी! अमेरिकी सैनिकाच्या मापाने ठरलेली ती उंची. भारतीय शरीरांच्या मापांचे देबकुमार चक्रवर्ती यांचे पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ साली प्रसिद्ध केले. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षांनी. तोवर आपले चालक आसनावर घडी केलेले पोते टाकून किंवा पाठीशी उशी लावून स्वतःची मापे स्वतःच दुरुस्त करीत राहिले. स्पोर्ट्स कारच्या मालकाने फोम तासला की त्यास छंद म्हणतात. ट्रकचालकाने पोते टाकले की त्यास जुगाड म्हणतात. कृती एकच आहे. शब्दांतला फरक मात्र बैठकीतला आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना यात ओळखीचे काही दिसेल, असे आम्हास वाटते. छंद, वृत्त, आकृतिबंध हीदेखील आधी ठरलेली आसनेच. कवी त्यांत बसतो, अवघडतो, आणि कधी आसन तासतो तर कधी छपराला फुगवटा काढतो. नियमभंग म्हणून ज्याची नोंद होते, ते पुष्कळदा शरीराने मागितलेले माप असते.

असो. तख्ताच्या गाडीतले उंच आसन आता संग्रहालयाची शोभा आहे, आणि प्रतिष्ठेची बैठक जमिनीलगत आली आहे. याचा अर्थ उतरंड मोडली असा नव्हे. खाली बसण्याची किंमत आज अनेकदा उंच बसण्याहून अधिक मोजावी लागते. तरीही भाषेने एक निवाडा फार पूर्वीच देऊन ठेवला आहे. नेतृत्वाला मराठी माणूस ‘धुरा सांभाळणे’ म्हणतो, हौदा सांभाळणे म्हणत नाही. मान दिसण्यासाठी उंच आसन लागते. गाडी हाकायची तर धुरेवरच यावे लागते.